मधला मऊ थर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



जेवणानंतरचं भाषण माझ्या वाट्याला आलंय, आणि जेवणात बासुंदी होती. तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी ती माझ्या विषयावरची टीका समजणार नाही. संयोजकांनी मला एवढंच सांगितलं होतं, "तू इतकी वर्षं त्या प्रयोगशाळेत नेमकं काय करतेस, ते आम्हाला समजेल असं सांग. आणि पडद्यावर काही दाखवू नकोस." आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर एकाने लिहिलं, "काय करणार, जेली बनवते." चेष्टेत लिहिलं असलं तरी ते खरं आहे. मी जेली बनवते. फक्त ती खायची नसते. माणसाचं शरीर आणि यंत्र यांच्या मध्ये ती ठेवायची असते.

हा विषय आपल्याला परका नाही. आज सकाळी चहाच्या टेबलापाशी मी बराच वेळ नुसती ऐकत उभी होते. चाळीस वर्षांपूर्वी याच व्हरांड्यात गप्पा व्हायच्या त्या गॅदरिंगच्या आणि सहामाहीच्या मार्कांच्या. आज विषय होते साखर, स्टेंट आणि गुडघे. एकाने बाही वर करून दंडावरची साखर मोजणारी चकती दाखवली. एकीच्या वडिलांना पेसमेकर बसवून नऊ वर्षं झाली. एकाच्या नातीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिच्या कानात यंत्र बसवलं, आणि आता ती त्याला "आबा" म्हणते. हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. शरीराला यंत्र जोडणं ही आता वर्तमानपत्रातली बातमी राहिलेली नाही, आपल्या घरातली गोष्ट झाली आहे. म्हणून ही जोडणी कशावर टिकते, ते आज सांगते.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी सेल, तार आणि छोटा बल्ब जोडून आपल्याला वीज शिकवली. त्या तारेत धावतात ते इलेक्ट्रॉन. आपल्या शरीरातही वीज आहे. हृदयाचा ठोका, डोक्यातला विचार, बोटाची हालचाल, सगळं तिच्यावर चालतं. पण शरीरात तारा नाहीत. शरीरात आहे खारं पाणी, आणि त्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन. हे आयन पेशींच्या आतबाहेर ये-जा करतात, तीच शरीरातली वीज.

आता अडचण बघा. एका बाजूला तारेतले इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला पाण्यातले आयन. आयन तारेत शिरत नाहीत आणि इलेक्ट्रॉन पाण्यात मोकळे फिरत नाहीत. नावेने आलेला माल बंदरावर उतरवून बैलगाडीत भरावा लागतो, तशी ही अदलाबदल मध्ये कुठेतरी व्हावी लागते. ती जिथे होते, ते बंदर म्हणजे इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग. आणि माल तरी केवढा? छातीवर मोजला जाणारा हृदयाचा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढा. बंदरावर जरा सांडलवंड झाली की हाती काही उरत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये लायडन इथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाची वीज नीट मोजणारं यंत्र बनवलं. ईसीजीची सुरुवात ती. यंत्र अडीचशे किलोहून जड होतं. पण ते रुग्णाला जोडायचं कसं? त्यांनी रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायला सांगितलं. शरीरातही खारं पाणी, भांड्यातही खारं पाणी, त्यामुळे दोघांचं जमलं. १९२४ मध्ये आइंटहोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते त्या यंत्रासाठी आणि त्यातून उलगडलेल्या ज्ञानासाठी. पण माझ्या धंद्याची सुरुवात मी त्या मिठाच्या पाण्यापासून धरते.

आज तुम्ही ईसीजी काढायला जाता तेव्हा बादल्या नसतात. पण छातीवर काहीतरी थंडगार, बुळबुळीत लावतात, किंवा मध्यभागी ओलसर जेल असलेल्या गोल चकत्या चिकटवतात. ते जेल म्हणजे आइंटहोव्हेन यांचं खारं पाणीच, फक्त ओघळून जाऊ नये म्हणून घट्ट केलेलं. ते नसेल तर त्वचेचा वरचा कोरडा थर वीज अडवतो आणि कागदावर नुसता गोंधळ उमटतो.

त्वचेवर एवढ्यावर भागतं. यंत्र शरीराच्या आत ठेवायचं झालं की दुसरी अडचण येते, ती कडकपणाची.

मेंदू हाताला कसा लागत असेल? खरवस आठवा, ताटली हलवली की थरथरणारा. मेंदू जवळपास तेवढा मऊ असतो. कडकपणा मोजायचं एक माप आहे, त्या मापाने मेंदू साधारण १ किलोपास्कल भरतो. संगणकाची चिप ज्या सिलिकॉनची असते, ते भरतं सुमारे १५० गिगापास्कल. म्हणजे फरक दहा कोटी पटींहून जास्त. आता त्या खरवसात सुई खोचा आणि ताटली हलवा. सुई तशीच राहते, खरवस फाटत जातो. आणि मेंदू तर कधीच स्वस्थ नसतो. प्रत्येक ठोक्याबरोबर, प्रत्येक श्वासाबरोबर तो कवटीच्या आत किंचित हलत असतो.

अशा वेळी शरीर काय करतं, हे या मैदानावर अनवाणी खेळलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की त्याभोवती कुरूप धरतं. शरीराला काटा बाहेर काढता आला नाही, तर ते त्याच्याभोवती भिंत घालून त्याला वेगळं पाडतं. मेंदूत ठेवलेल्या कडक इलेक्ट्रोडभोवतीही अशीच व्रणाची भिंत उभी राहते. त्या भिंतीमुळे वीज अडते. यंत्र ठीक असतं, मेंदूही ठीक असतो, पण दोघांमधलं बोलणं हळूहळू बंद पडतं.

शिवणाच्या बाई आज इथे बसल्या आहेत. त्या आम्हा मुलींना सांगायच्या, मलमलीला जाड दोरा घालू नका आणि टाका ओढून घट्ट करू नका, दोरा तुटणार नाही, कापड फाटेल. बाई, तुम्ही एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट पुढे मी पाच वर्षं गणितं मांडून शिकले.

या क्षेत्राचा इतिहास म्हणजे हे एक वाक्य हळूहळू समजत जाण्याचा इतिहास आहे. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात पेसमेकर बसवला गेला. रुने एल्मक्विस्ट यांनी तो बनवला आणि सेनिंग या शल्यविशारदांनी बसवला. पेसमेकरचे भाग एकत्र धरायला एल्मक्विस्ट यांनी बूटपॉलिशची डबी साचा म्हणून घेतली आणि त्यात राळ ओतली. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला. पण आर्ने लार्सन नावाचा तो रुग्ण पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगला, ८६ वर्षांचा होऊन गेला, आणि तोवर त्याला यंत्र देणारे ते दोघेही या जगात उरले नव्हते.

पेसमेकरची डबी आज टायटॅनियमची असते. ती गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत स्वस्थ पडून असते. काळजी असते ती हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरीची. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं, आणि प्रत्येक वेळी ती वायर वाकते. म्हणून आतली तार स्प्रिंगसारखी वळलेली असते, तिच्यावर सिलिकोन रबराचं किंवा पॉलियुरेथेनचं मऊ आवरण असतं, आणि बहुतेक वायरींच्या टोकाशी थोडं स्टेरॉइड भरलेलं असतं. ते हळूहळू झिरपतं आणि तिथे कुरूप कमी धरतं. पेसमेकर बसवलेला माणूस वर्षानुवर्षं चालतो-फिरतो, त्यात बॅटरीइतकाच वाटा या मऊ आवरणाचा आहे. (चिपचं सिलिकॉन वेगळं आणि हे सिलिकोन रबर वेगळं. नावं बहिणींची वाटतात, स्वभाव अगदी उलटे.)

दुसरं उदाहरण कानाचं. आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असतो. त्यात इलेक्ट्रोडची बारीक दोरी सरकवायची, पण आतल्या नाजूक भिंतींना इजा करायची नाही. मेलबर्नचे डॉक्टर ग्रेम क्लार्क या प्रश्नावर अडले होते. समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एक शंख उचलला आणि गवताची पाती त्यात सरकवून पाहिली. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणावळणाने नीट आत गेली. मग त्यांनी इलेक्ट्रोडही तसाच केला, आणि १९७८ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवला. आपल्या मित्राच्या नातीच्या कानात जी सिलिकोनची बारीक शेपटी आहे, तिच्यामागे हीच पाती आहे.

जाता जाता कामाची गोष्ट सांगते. कॉक्लियर इम्प्लांट महाग आहे. पण उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांतल्या लहान मुलांना केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेतून ते मिळू शकतं, आणि त्या कामाची प्रमुख संस्था आपल्या मुंबईतच, वांद्र्याला आहे, अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. ओळखीत असं मूल असेल तर "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. भाषा शिकायची वेळ फार लहान वयातली असते.

आता ज्या प्रयोगामुळे आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांचे डोळे उघडले, तो सांगते. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथल्या तंत्रविद्यापीठात स्टेफनी लाकूर आणि ग्रेगॉर कूर्टिन यांच्या गटांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मज्जारज्जूवर ठेवण्यासाठी त्यांनी दोन प्रकारच्या पट्ट्या केल्या. एक प्लास्टिकची, अगदी पातळ आणि वाकणारी, हातात घेतली तर आपण तिला मऊच म्हणू. दुसरी सिलिकोन रबराची, वाकणारी आणि शिवाय ताणली जाणारी. दोन्ही उंदरांच्या पाठीच्या कण्यात बसवल्या. काही आठवड्यांत प्लास्टिकची पट्टी बसवलेल्या उंदरांच्या चालण्यात खोट दिसू लागली, त्यांचा मज्जारज्जू दबून त्याचा आकार बिघडला होता. रबराची पट्टी बसवलेले उंदीर नेहमीसारखे चालत होते. दोन्ही पट्ट्या वाकत होत्या, पण शरीराबरोबर ताणली जात होती ती एकच. आपण बसतो, उठतो, वाकतो तेव्हा कण्यातला मज्जारज्जू लांब-आखूड होत असतो. त्याच्याबरोबर जो लांब-आखूड होतो, त्यालाच तो सोबती मानतो.

आता माझ्या जेलीकडे येते. तिचं नाव हायड्रोजेल. शब्द जड वाटला तर स्वयंपाकघरात चला. फालुद्यासाठी सब्जा भिजवला की प्रत्येक बीभोवती पारदर्शक गोळा धरतो. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले की तेच होतं. लांब साखळीसारखे रेणू एकमेकांत गुंतून जाळं करतात आणि स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. जाळं थोडं, पाणी फार. आपलं शरीर तरी वेगळं काय आहे? म्हणून शरीराला हायड्रोजेल परकं वाटत नाही. त्यात मीठ असेल तर आयन त्यातून मोकळे फिरतात.

अशा जेलीचा पहिला मोठा उपयोग बहुधा आत्ता या सभागृहात काही जणांच्या डोळ्यांत असेल. चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. त्यासाठी त्यांनी यंत्र बनवलं ते मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर मिळावा असं ते यंत्र होतं, आणि त्यातून जगभरच्या कोट्यवधी डोळ्यांची सोय झाली.

पण नुसती जेली चमच्याने तुटते, आणि तारेतले इलेक्ट्रॉन काही तिच्यातून जात नाहीत. पहिल्या अडचणीवर जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग यांनी २००३ मध्ये मार्ग दाखवला, एकाच्या आत एक अशी दोन जाळी विणायची. एक ताठ आणि ठिसूळ, दुसरं सैल आणि चिवट. ओढलं की पहिलं ठिकठिकाणी तुटून ताण सोसतं आणि दुसरं सगळं धरून ठेवतं.

दुसऱ्या अडचणीवरचं उत्तर अशा प्लास्टिकमध्ये मिळालं, ज्यातून वीज वाहते. आपल्याला शाळेत पाठ होतं की प्लास्टिक म्हणजे विद्युतरोधक. ते बहुतेक प्लास्टिकबाबत आजही खरं आहे. पण जपानचे शिराकावा आणि अमेरिकेतले मॅकडायरमिड व हीगर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की एका विशिष्ट पॉलिमरला आयोडिनची वाफ दिली की त्यातून धातूसारखी वीज वाहते. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याच कुळातलं एक पॉलिमर जर्मनीतल्या बायर कंपनीने काढलं, आणि त्याचा सुरुवातीचा उपयोग काय होता? कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आठवतो ना? तशीच वीज कॅमेऱ्याच्या रोलवर साठून ठिणगी पडली तर फोटो बिघडतो. ते होऊ नये म्हणून फिल्मवर या पॉलिमरचा पातळ थर देत. रोल गेले, पॉलिमर राहिलं. पुढे लक्षात आलं की ते पाण्यात फुगतं, त्याच्या आतपर्यंत आयन शिरतात, आणि त्याच वेळी त्यातून इलेक्ट्रॉनही वाहतात. मघाच्या बंदराच्या उदाहरणात सांगायचं तर धातूच्या इलेक्ट्रोडवर सगळा माल काठावरच उतरतो, आणि या पॉलिमरमध्ये नावा गल्लीबोळांतून थेट बाजारात शिरतात. म्हणून इलेक्ट्रोड लहान केला तरी संकेत स्वच्छ येतो. मी गेली अनेक वर्षं जे करते ते एवढंच, असं पॉलिमर आणि अशी जेली एकत्र नांदवायची. सोपं नाही. संसार दोघांचा असला तरी भांडण माझ्याशीच असतं.

अलीकडचं एक काम मला फार आवडतं. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये असं जेल प्रसिद्ध केलं, की ते सुईने आत सोडलं की शरीरातली साखरच वापरून आतल्या आत वीजवाहक पॉलिमर तयार होतं. बाहेरून कडक तुकडा आत खुपसायचा नाही, इलेक्ट्रोड जागेवरच तयार होऊ द्यायचा. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांत आणि जळवांत हे करून दाखवलंय. माणसांत अजून नाही.

आता थोडं घरचं सांगते. माझी आई शेवटचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. नव्वदीला आलेली. त्या वयात त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. तिच्या छातीवरची, हातावरची चिकटपट्टी बदलायची वेळ आली की पट्टीबरोबर त्वचा निघून यायची. मोठ्या दुखण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "ती पट्टी तेवढी नको गं काढू" असं मात्र रोज म्हणायची. नर्स बिचारी जपून काढायची, पाणी लावून, फुंकर घालून. पडद्यावरची रेषा सुंदर येत होती. लाखो रुपयांचं यंत्र निर्दोष चाललं होतं. यंत्र आणि आई यांच्या मध्ये जो दोन-चार रुपयांचा थर होता, तो वाईट होता, आणि त्याची किंमत ती एकटी मोजत होती. ज्या थरावर मी आयुष्यभर काम केलं, त्याचा अर्थ मला तिच्या पलंगाशी कळला.

म्हातारपणासारखीच त्वचा असते दिवसांआधी जन्मलेल्या बाळांची. तिथेही पट्ट्या त्वचा ओरबाडतात, आणि पाच-सहा वायरींच्या जाळ्यात बाळ असं अडकतं की आईला ते छातीशी घेता येत नाही. तुमच्यातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे, अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, ज्याला 'कांगारू मदर केअर' म्हणतात, हा किती मोठा उपचार आहे. २०१९ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने अशा बाळांसाठी मऊ सिलिकोनच्या दोन पातळ पट्ट्या केल्या, एक छातीवर, एक पावलावर. वायर नाही, बॅटरी नाही, चिकट इतकी सौम्य की त्वचा जपली जाते. ठोके, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सगळं मोजलं जातं आणि बाळ आईच्या कुशीत असतं. मला विचाराल तर डोक्यात चिप बसवून संगणक चालवण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

चिपचा विषय निघालाच आहे, कारण आपल्या ग्रुपवर तिचे व्हिडिओ दर आठवड्याला येतात. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं. मानेखाली हालचाल नसलेला तो तरुण मनाने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. ही खरी आणि मोठी गोष्ट आहे. त्या यंत्राला केसाहून बारीक असे ६४ लवचीक धागे आहेत. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, हे कंपनीनेच जाहीर केलं. संगणकाची आज्ञावली बदलून त्यांनी काम पुन्हा सावरलं. पण बघा, एवढा पैसा, एवढी बुद्धी, आणि गाडी अडली कुठे? मधल्या थरापाशीच. हलणाऱ्या खरवसात दोरा टिकवायचा कसा, तिथेच.

म्हणून कुणी "सगळे प्रश्न सुटले" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जेल वाळतं. न वाळलं तर फुगतं, आणि फुगून शेजारच्या नसेला दाबतं. मऊ पदार्थ पाणी आत झिरपू देतो आणि इलेक्ट्रॉनिक्सला पाणी चालत नाही, म्हणून डबी अजून टायटॅनियमचीच करावी लागते. मग मऊ आणि कडक यांचा सांधा येतोच, आणि तुटायचं ते बहुधा तिथेच तुटतं. महिना-दोन महिने चाललेलं यंत्र दहा वर्षं चालेल का, हे दहा वर्षं थांबल्याशिवाय कळत नाही. आमच्या कामात घाईला जागा नाही, ही त्याची अडचण आहे आणि तेच त्याचं शहाणपण आहे.

तुमच्यापैकी कुणाला, किंवा घरच्या मोठ्यांना, शरीरात यंत्र बसवायची वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. हे किती वर्षांपासून माणसांत वापरात आहे? वायर किंवा इलेक्ट्रोड खराब झाला तर काढता येतो का, बदलता येतो का? आणि कंपनीने हे बनवणं थांबवलं तर पुढे देखभाल कोण करणार? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल. पण अमेरिकेतल्या एका कंपनीने अंध माणसांसाठी डोळ्यात बसवायचं यंत्र केलं, जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना ते बसवलं गेलं, आणि मग कंपनीने ते बनवणं बंद केलं. यंत्र त्या माणसांच्या डोळ्यांतच राहिलं, दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही. शरीराशी जोडणी करणं म्हणजे नातं जोडणं आहे, विक्री करून मोकळं होणं नाही. आणि रुग्णालयात आपलं माणूस पडून असेल तर साधी चौकशी करा, नाजूक त्वचेसाठी सिलिकोनची सौम्य चिकटपट्टी मिळते का? ती मिळते. थोडी महाग असते, आणि बहुतेक वेळा कुणी मागत नाही म्हणून वापरली जात नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या बॅचच्या निधीचा. संध्याकाळच्या बैठकीत तो कसा वापरायचा ते ठरणार आहे. कुणी कमान म्हणतंय, कुणी डिजिटल फळा. माझी सूचना अशी, की त्यातला काही भाग प्रयोगशाळेला द्यावा, आणि तिथे मुलांना हाताने करता येतील असे साधे प्रयोग ठेवावेत. एक मी आत्ताच सांगते. चायना ग्रासची जेली करा, निम्मी साधी, निम्मी भरपूर मीठ घालून. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी घ्या, आणि तारेऐवजी मध्ये जेलीची वडी ठेवा. साध्या जेलीत दिवा जवळजवळ लागत नाही, मिठाच्या जेलीत लागतो. मग वडी वाकवा, दिवा लागलेलाच राहतो. शंभर रुपयांत होतो हा प्रयोग. आठवीतल्या मुलीने एकदा हे स्वतः केलं की वीज फक्त तांब्यातून वाहते असं तिला पुन्हा कधी वाटणार नाही. या कामाला रसायनवाले लागतात, डॉक्टर लागतात, विणकाम कळणारे लागतात, आणि धीर असलेले लागतात. त्यातला धीर शाळेतच शिकवता येतो. आमच्या सरांनी आणि बाईंनी तो शिकवला होता, एकच प्रयोग चार वेळा करायला लावून.

निधीला माझा हिस्सा मी सकाळीच दिला आहे. चायना ग्रास आणि मीठ मी पिशवीतून आणलंय, बॅटरी आणि एलईडीसुद्धा. चहाच्या सुट्टीत प्रयोगशाळेचं कुलूप उघडून देईन असं मुख्याध्यापक सरांनी कबूल केलंय. ज्यांना दिवा लागलेला बघायचाय, त्यांनी यावं.